शून्य म्हणजे किती?

लिनक्सवर चालणाऱ्या प्रोग्रामची फाइल उघडून कच्चे बाइट पाहिले, तर सुरुवात ठरलेली: १२७ हा आकडा आणि त्यामागून ई, एल, एफ ही अक्षरं. पाचवा बाइट सांगतो, फाइल ३२ बिटांची की ६४. सहावा सांगतो, आकडे कोणत्या टोकाकडून वाचायचे. ६४ बिटांच्या फाइलचं अख्खं हेडर अवघं ६४ बाइटांचं. पण प्रोसेसर कोणता, पहिली सूचना कोणत्या पत्त्यावर, पुढचे तक्ते कुठे, हे सगळं त्यात बसतं. या काटकसरीचं मला फार अप्रूप वाटतं.

हेडरमधला शेवटून दुसरा रकाना फक्त दोन बाइटांचा. फाइलमध्ये सेक्शन, म्हणजे नाव दिलेले कप्पे, किती आहेत ते तिथे लिहिलेलं असतं. समजा, हेडर वाचणाऱ्या एखाद्या साधनाला एक भलीमोठी फाइल दिली. त्याने रकाना पाहिला, शून्य दिसलं आणि ‘या फाइलमध्ये एकही सेक्शन नाही’ असं जाहीर केलं. फाइल मात्र धडधाकट आहे आणि लिंकर ती बिनतक्रार जोडतो.

फाइलची ही रचना १९८०च्या दशकाच्या अखेरीची, युनिक्स सिस्टम व्हीसाठी केलेली. दोन बाइटांत ६५,५३५ पर्यंतचा आकडा मावतो आणि साध्या प्रोग्रामला तीसेक सेक्शन पुरतात, त्यामुळे तेव्हा जागा कमी वाटण्याचं कारण नव्हतं. पुढे कंपायलर प्रत्येक फंक्शनला वेगळा सेक्शन देऊ लागले, म्हणजे न वापरलेलं फंक्शन लिंकरला सहज गाळता येतं. सी प्लस प्लसच्या मोठ्या फाइलींत हे कप्पे हजारोंनी वाढले. त्यातच ६५,२८० पासूनचे क्रमांक खास अर्थांसाठी राखीव.

रकाना रुंद करावा, तर जगातल्या सगळ्या जुन्या फाइली वाचेनाशा होतील. म्हणून अर्जात जागा पुरली नाही की आपण ‘मागे पाहा’ लिहितो, तसा नियम झाला. सेक्शनच्या तक्त्यातली पहिली ओळ, क्रमांक शून्यची, पूर्वीपासून मुद्दाम कोरी ठेवलेली होती. संख्या ६५,२८० किंवा जास्त असेल, तर हेडरमध्ये शून्य लिहायचं आणि खरा आकडा त्या कोऱ्या ओळीतल्या ‘आकारमान’ या रकान्यात ठेवायचा. इतका सुंदर तोडगा मी क्वचितच पाहिला आहे!

म्हणजे शून्याचे अर्थ दोन: एकही नाही, किंवा मावेनात इतके. ओळखायचे कसे? तक्त्याचा पत्ताही शून्य असेल, तर खरोखरच काही नाही. पत्ता दिलेला असेल, तर त्या पहिल्या ओळीकडे जायचं. त्या साधनात करायची दुरुस्ती एवढीच, पण तिथला आकडा फाइलच्या लांबीशी ताडून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबून मेमरी मागू नये. कुणी मुद्दाम अवाढव्य आकडा लिहून ठेवलेला असू शकतो. चाचणीची फाइल बनवणं सोपं आहे: असेंबलरला सत्तर हजार रिकामे सेक्शन लिहून द्यायचे.

त्याच कोऱ्या ओळीत आणखी दोन आकडे आसरा घेतात. एक, नावांचा तक्ता कितव्या सेक्शनमध्ये आहे तो. दुसरा, मेमरीत चढवायच्या तुकड्यांची संख्या. या दुसऱ्याची गाठ कोसळलेल्या प्रोग्रामच्या कोअर डंपशी पडते, कारण तोही याच साच्यात लिहिला जातो आणि मेमरीच्या प्रत्येक पट्ट्यामागे त्यात एक नोंद लागते. एका प्रोग्रामला मेमरीचे किती पट्टे बाळगता येतील, याची लिनक्स कर्नलमधली मूळ मर्यादा ६५,५३० आहे. ती या दोन बाइटांवरूनच ठरली, वर पाचाची जागा मोकळी सोडून.