कढीपत्त्यासाठी गाडी काढावी लागते का?

फोडणी तडतडतेय आणि लक्षात आलं, घरात कढीपत्ताच नाही. कोणी पायात चपला सरकवून कोपऱ्यावर जाऊन येतं. कोणी गाडीची चावी शोधतं, मग कंटाळून तशीच फोडणी उरकतं. हा फरक आळसाचा नाही, वस्तीच्या आखणीचा आहे.

गणित सोपं आहे. पाच मिनिटांत आपण साधारण ४०० मीटर चालतो. दुकानाभोवती तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढलं, तर आत सुमारे ५० हेक्टर जमीन येते. हेक्टरी ५० घरं असतील तर गिऱ्हाईक २,५०० घरांचं. हेक्टरी पाचच बंगले असतील तर फक्त २५० घरांचं. तेवढ्यावर वाणी, भाजीवाला, डेअरी आणि औषधांचं दुकान, सगळ्यांचं कसं भागणार? मग दुकानं एकत्र होऊन हमरस्त्यावर जातात. तिथे पार्किंग लागतं, आणि त्या पार्किंगमुळे चालणाऱ्याचं अंतर आणखी वाढतं.

कधी कधी नियमच दुकान लांब ठेवतात. अमेरिकेत १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने जमिनीच्या वापरानुसार विभाग पाडण्याला मान्यता दिली. पुढे अनेक उपनगरांत घरांच्या विभागात दुकानाला परवानगीच उरली नाही. गाडीची सोय आहेच म्हणा. दहा किलो तांदूळ आणि तेलाचा डबा डिकीत टाकला की आठवड्याचं काम एका फेरीत होतं. पण रोजची ताजी भाजी त्या हिशेबात बसत नाही.

आता आपलं चंदीगड पाहा. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यात एक सेक्टर साधारण ८०० बाय १,२०० मीटरचा. बाहेरून वेगवान रस्ते, आणि सेक्टरच्या आतून जाणारा बाजाररस्ता. म्हणजे दूध-ब्रेडसाठी मोठा रस्ता ओलांडायला नको. गाड्या त्या शहरात भरपूर आहेत, पण छोट्या खरेदीसाठी गाडी काढावीच लागेल असं नाही.

नुसतं अंतर कमी असूनही भागत नाही. दुकान ३०० मीटरवर, पण मध्ये सहा पदरी रस्ता, फूटपाथ नाही, सावली नाही. तर ते लांबच. उलट दारावर येणारा भाजीवाला हे अंतर शून्यावर आणतो. म्हणूनच २०१४ च्या पथविक्रेता कायद्याचा संबंध आपल्या स्वयंपाकघराशीही आहे.

आणि खरा प्रश्न गाडी न चालवणाऱ्यांचा. मुलाबरोबर बंगळुरूला किंवा गुरुग्रामला राहायला आलेली आजी. गावी ती रोज पिशवी घेऊन बाजारात जायची, चार ओळखी जोडायची. इथे अ‍ॅपवरून कोथिंबीर दहा मिनिटांत येते, पण आजी घरातच राहते.

तेव्हा नवं घर बघायला जाल तेव्हा एक करा. गाडी खाली लावा, आईला सोबत घ्या आणि अर्धा लिटर दूध चालत जाऊन आणा. घर कसं आहे ते त्या फेरीत कळेल.