गोड बोलणाऱ्या यंत्राला गुण किती?

‘संवादी एआयच्या मूल्यमापनावर पोस्टडॉक करतेय’ असं एखादीनं सांगितलं की समोरच्याच्या मनात दोन प्रश्न येतात. पीएचडीच्या वरची ही कुठली पदवी? आणि दिवसभर चॅटबॉटशी बोलायचे पैसे मिळतात होय?

पहिला गैरसमज चटकन निकालात काढू. पोस्टडॉक ही पदवी नाही, पीएचडीनंतरची मुदतीची नेमणूक आहे. ती सहसा एक ते तीन वर्षांची असते आणि पगार बहुतेक वेळा एखाद्या प्रकल्पाच्या निधीतून किंवा शिष्यवृत्तीतून मिळतो. परीक्षा नाही, दीक्षान्त समारंभ नाही आणि नावाआधी लावायला नवीन काही नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र लांबलचक आहे, कारण ‘यंत्र चांगलं बोलतं’ म्हणजे नेमकं काय, याबद्दल आपल्या बहुतेकांच्या समजुती पक्क्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चुकीच्या आहेत.

‘माणूस फसला, म्हणजे यंत्र पास’

ही समजूत गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या नावावर खपते. १९५० साली ‘माइंड’ या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात त्यानं एक खेळ सुचवला. परीक्षक लेखी प्रश्न विचारणार आणि पलीकडे माणूस आहे की यंत्र हे ओळखणार. साधारण पन्नास वर्षांत यंत्रं अशी होतील की पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर सामान्य परीक्षकाला बरोबर ओळखण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त उरणार नाही, असा त्याचा अंदाज होता. अंदाज कसला होता हे लोक विसरले आणि आकडा तेवढा धरून बसले.

२०१४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत ‘यूजीन गूस्टमन’ नावाच्या प्रोग्रॅमनं ३३ टक्के परीक्षकांना चकवलं आणि ट्युरिंग कसोटी पार झाल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. या प्रोग्रॅमला युक्रेनमधल्या ओडेसाच्या तेरा वर्षांच्या मुलाचं सोंग दिलेलं होतं. इंग्रजी चुकलं तर परदेशी आहे, माहिती नसली तर पोरवय आहे! परीक्षकांनी आपणहून सूट दिली. ही हुशारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची म्हणायला हवी.

माणूस यंत्राला किती सहज माणूसपण बहाल करतो, हे त्याआधी अर्धशतक जोसेफ वायझेनबाउम यांना कळलं होतं. एमआयटीत त्यांनी लिहिलेला ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. मानसोपचारकाच्या थाटात तो समोरच्याचंच वाक्य उलटवून प्रश्न करायचा; त्यापलीकडे त्याला काही समजत नव्हतं. तरी त्यांच्या सेक्रेटरीनं प्रोग्रॅमशी थोडं बोलून झाल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं, कारण आता बोलणं खासगी होतं. वायझेनबाउम पुढं या क्षेत्राचे कठोर टीकाकार झाले, त्यामागं या अनुभवाचा मोठा वाटा आहे.

२०२५ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्युरिंगचा खेळ नीट मांडून खेळवला. परीक्षक एकाच वेळी एका माणसाशी आणि एका यंत्राशी बोलत होता. ओपनएआय कंपनीच्या जीपीटी-४.५ या मॉडेलला एक तरुण व्यक्तिरेखा वठवायला सांगितलं तेव्हा परीक्षकांनी ७३ टक्के वेळा त्यालाच माणूस ठरवलं, म्हणजे खऱ्या माणसापेक्षाही जास्त वेळा. अशी व्यक्तिरेखा न दिलेल्या जीपीटी-४ओ ला मात्र २१ टक्के मिळाले, आणि साठ वर्षांच्या एलायझाला २३! कामाच्या दृष्टीनं या दोन यंत्रांमध्ये तुलनाच नाही. ही कसोटी सोंग किती वठलं ते मोजते. बँकेच्या किंवा दवाखान्याच्या चॅटबॉटनं माणसासारखं वाटलंच पाहिजे, असं तर कुणी मागितलेलंही नाही.

‘आदर्श उत्तराशी ताडून पाहिलं की झालं’

यंत्रानं केलेलं भाषांतर तपासण्यासाठी आयबीएमच्या संशोधकांनी २००२ मध्ये ‘ब्ल्यू’ नावाचं माप काढलं. माणसाच्या भाषांतराशी यंत्राच्या भाषांतरातले किती शब्द आणि शब्दगट जुळतात ते मोजायचं. स्वस्त, झटपट आणि भाषांतरापुरतं बरं. लोकांनी तेच संवादाला लावलं. पण ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो, आत्ताच’, ‘भूकच नाही’, ‘तू वाढतेस का?’ ही तिन्ही उत्तरं चोख आहेत आणि त्यांच्यात एकही शब्द सामाईक नाही. २०१६ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी दाखवून दिलं की संवादाच्या बाबतीत अशा मापांचा माणसांच्या मताशी संबंध फार क्षीण आहे, काही ठिकाणी तर नाहीच. त्यानंतरही ही मापं शोधनिबंधांत दिसत राहिली, कारण आकडा हाताशी असला की तो वापरायचा मोह होतोच.

‘परीक्षेत गुण जास्त, म्हणजे संवादात सरस’

नवीन मॉडेल आलं की जाहिरातीत तक्ता येतो. त्यात ‘एमएमएलयू’ हे नाव बरीच वर्षं हमखास असायचं. २०२० मध्ये आलेल्या या चाचणीत ५७ विषयांवरचे चार पर्यायांचे सुमारे १५,९०० प्रश्न आहेत. तीत दोन घोटाळे आहेत. पहिला असा की प्रश्न इंटरनेटवर उघड्यावर पडलेले आणि मॉडेलं इंटरनेटवरच शिकलेली. पेपर फुटलेल्या परीक्षेतल्या ९० टक्क्यांना आपल्याकडे जेवढा मान असतो, तेवढाच इथं द्यावा. दुसरा घोटाळा उत्तरपत्रिकेचा. २०२४ मध्ये संशोधकांनी एमएमएलयूचे हजारो प्रश्न हातानं तपासले, तेव्हा सुमारे साडेसहा टक्के प्रश्नांत चूक असावी असा अंदाज निघाला. विषाणूशास्त्राच्या तपासलेल्या प्रश्नांत तर निम्म्याहून जास्त सदोष निघाले. दोन मॉडेलांमध्ये एका टक्क्याचा फरक दाखवून नगारे वाजवणाऱ्यांनी ही टक्केवारी लक्षात ठेवायला हरकत नाही.

हे सगळं सुधारलं तरी मुख्य अडचण उरतेच. परीक्षेत एक प्रश्न असतो आणि एक उत्तर. संवादात माणूस अर्धं सांगतो, मग आठवलं की भर घालतो, मग मत बदलतो. ‘पुण्याहून नागपूरचं तिकीट हवंय, शुक्रवारचं. थांबा, आई पण येणारेय, तिला खालचा बर्थ. आणि नागपूर नको, वर्ध्यालाच उतरू.’ मायक्रोसॉफ्ट आणि सेल्सफोर्सच्या संशोधकांनी २०२५ मध्ये हेच करून पाहिलं. एरवी एका दमात दिली जाणारी माहिती त्यांनी तुकड्यातुकड्यांनी दिली. सहा प्रकारच्या कामांमध्ये मॉडेलांची कामगिरी सरासरी ३९ टक्क्यांनी घसरली. मॉडेल सुरुवातीलाच घाईनं एखादा अंदाज बांधतं आणि पुढं त्यालाच चिकटून राहतं. तक्त्यात अव्वल असणारी मॉडेलंही यातून सुटली नाहीत.

बोलण्याबरोबर कामही करणाऱ्या चॅटबॉटची, म्हणजे ‘एजंट’ची, तपासणी आणखी निराळी. २०२४ मध्ये ‘टाउ-बेंच’ ही चाचणी आली. तिच्यात दुकानाचा किंवा विमान कंपनीचा एजंट असतो, त्याला नियमावली दिलेली असते आणि ग्राहकाची भूमिका दुसरं मॉडेल करतं. शेवटी संभाषण किती गोड झालं याकडे कुणी बघत नाही. नोंदवहीत हवी तीच नोंद झाली का, एवढंच बघतात. त्या वेळच्या जीपीटी-४ओ सारख्या मॉडेलांना निम्मी कामंही जमली नाहीत. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथला दुसरा आकडा. तेच काम आठ वेळा दिलं तर आठही वेळा जमतं का? दुकानाच्या कामांत असं २५ टक्क्यांहून कमी वेळा झालं. गणित सोपं आहे. दर वेळी यशाची शक्यता ९० टक्के असली, तरी सलग आठ वेळा यश मिळण्याची शक्यता ४३ टक्केच उरते. प्रात्यक्षिकात एकदा चाललेला एजंट बघून खूश झालेल्या साहेबांना हे समजावणं, हा या संशोधकांच्या कामाचा बराच मोठा आणि कंटाळवाणा भाग असतो.

गोड बोलण्याची किंमत एअर कॅनडा या विमान कंपनीनं मोजली. कुटुंबातल्या मृत्यूनंतर मिळणारी भाडेसवलत प्रवास झाल्यावरही मागता येते, असं त्यांच्या चॅटबॉटनं एका प्रवाशाला सांगितलं. कंपनीचा नियम नेमका उलटा होता. प्रकरण ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे गेलं, तेव्हा चॅटबॉट ही आपल्या कृतीला स्वतःच जबाबदार असलेली वेगळी कायदेशीर व्यक्ती आहे, असा बचाव कंपनीनं मांडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला गेला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. त्या उत्तराची भाषा, नम्रता, ओघ यांना कुणीही पैकीच्या पैकी गुण दिले असते.

‘शेवटी लोकांना आवडतं का, तेच बघायचं’

बोलूनचालून लोकांसाठीच बनवलेली वस्तू, तेव्हा हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. २०२३ मध्ये बर्कलीहून सुरू झालेली ‘चॅटबॉट अरीना’ याच तत्त्वावर चालते. दोन अनामिक मॉडेलांची उत्तरं शेजारीशेजारी दिसतात, वाचणारा कौल देतो आणि लाखो कौलांमधून क्रमवारी लागते. कल्पना खरोखर चांगली आहे. पण लांबलचक, ठळक मथळ्यांनी सजवलेल्या उत्तरांकडे कौल झुकतो हे लवकरच दिसलं, आणि त्या सजावटीचा परिणाम वजा करून वेगळी क्रमवारी काढावी लागली. २०२५ मध्ये एका शोधनिबंधात दाखवलं गेलं की काही मोठ्या कंपन्या जाहीर करण्याआधी अनेक आवृत्त्या खासगीत अजमावतात. मेटाच्या बाबतीत अशा २७ आवृत्त्या मोजल्या गेल्या. अरीना चालवणाऱ्यांनी त्यातल्या काही निष्कर्षांवर आक्षेप घेतले. तरी सत्तावीसमधून सर्वांत जास्त मतं खाणारी आवृत्ती पुढं करता येणं आणि मॉडेल सुधारणं या दोन गोष्टी एक नाहीत.

याहून बोलकं उदाहरण ओपनएआयचं. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जीपीटी-४ओ ची सुधारित आवृत्ती आणली आणि काही दिवसांतच मागे घेतली. ती कमालीची लाळघोटी झाली होती. वापरणाऱ्याच्या शंकांना, रागाला, वेड्यावाकड्या बेतांनाही दाद देत होती. कंपनीनं नंतर दिलेल्या खुलाशातला तपशील या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचावा असा आहे. नेहमीच्या चाचण्यांचे आकडे चांगले होते. थोड्या लोकांना देऊन पाहिलं, तर त्यांना ती आवडली होती. हातानं तपासणाऱ्या काही जाणत्यांना मात्र ‘काहीतरी बिनसलंय’ असं वाटलं होतं. कंपनी आकड्यांच्या बाजूनं गेली. लाळघोटेपणा मोजणारी वेगळी चाचणी त्या वेळी त्यांच्या तपासणीत नव्हतीच. जे मोजायचं ठरवलेलं नाही ते आकड्यांत दिसणार तरी कुठून?

म्हणून या क्षेत्रातल्या पोस्टडॉकचा बराचसा वेळ गप्पांत जात नाही. काय मोजायचं, त्याची व्याख्या कशी करायची आणि दोन अनोळखी परीक्षक ती सारखीच वाचतील का, यात तो जातो. मजकूर तयार करणाऱ्या यंत्रांबाबतच्या वीस वर्षांतल्या १६५ शोधनिबंधांचा २०२० मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा गुणवत्तेच्या निकषांसाठी दोनशेहून जास्त नावं वापरलेली आढळली. एकाची ‘ओघवती भाषा’ ती दुसऱ्याची ‘सुसंगती’, आणि तिसऱ्यानं व्याख्याच दिलेली नाही.

‘आता यंत्रच यंत्राला तपासेल’

तपासतं, आणि पुष्कळदा बरं तपासतं. २०२३ च्या एका अभ्यासात जीपीटी-४ चा कौल माणसांच्या कौलाशी ८० टक्क्यांहून जास्त जुळला. माणसांचं आपसातही साधारण तेवढंच जुळतं. त्याच अभ्यासात खोडीही नोंदल्या होत्या. उत्तरांचा क्रम बदलला की निकाल बदलतो, लांब उत्तराला झुकतं माप मिळतं, आणि आपल्याच घराण्याच्या उत्तरांबद्दल ममत्व असल्याचीही लक्षणं दिसली.

मराठीसाठी ही बाब जास्त गंभीर आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांना आढळलं की इंग्रजीखेरीज इतर भाषांत यंत्र-परीक्षक सढळ हातानं गुण देतो. कमी मजकूर असलेल्या आणि लॅटिन लिपीत न लिहिल्या जाणाऱ्या भाषांत विशेष सावध राहा, असा इशारा त्यांनी दिला. पुढं ‘परीक्षा’ नावाच्या प्रकल्पात मराठीसह दहा भारतीय भाषांमध्ये माणसांकडून ९० हजार आणि यंत्राकडून ३० हजार मूल्यमापनं करून घेतली गेली. दोन उत्तरांतलं सरस कोणतं याबाबत माणूस आणि यंत्र बऱ्यापैकी सहमत होते. एकेका उत्तराला थेट गुण द्यायची वेळ आली की एकमत ढासळत होतं.

इंग्रजी चाचणी मराठीत भाषांतरित करून भागत नाही, हे तर उघडच आहे. एमएमएलयूमध्ये अमेरिकेचा इतिहास आहे, अमेरिकी परराष्ट्र धोरण आहे. त्याचं मराठी केलं की मराठीतून अमेरिका किती येते एवढंच कळतं. आयआयटी मद्रासच्या एआयफोरभारत गटानं २०२४ मध्ये काढलेल्या ‘मिलू’ या चाचणीत म्हणूनच देशातल्या आणि राज्यांतल्या परीक्षांचे प्रश्न घेतले. मराठीही तिच्यात आहे. पुण्याच्या एलथ्रीक्यूब गटानं मराठी ट्वीटांचा भावनाविश्लेषणासाठीचा संच २०२१ मध्येच खुला केला.

पण यातला एक संच बहुपर्यायी प्रश्नांचा आहे आणि दुसरा एकेका ट्वीटचा; संवाद दोन्हींत नाही. सातबाऱ्यावरच्या फेरफाराची तक्रार घेऊन आलेला माणूस चॅटबॉटशी दहा वेळा उलटसुलट बोलतो, मधेच रोमन लिपीत टाइप करतो, वडिलांचं नाव सांगताना काकांच्या हिश्श्याचा विषय काढतो, आणि शेवटी त्याला कुठल्या कागदासह तलाठ्याकडे जायचं ते कळतं किंवा कळत नाही. अशा संवादाची चाचणी लिहायला प्रोग्रॅमर लागेलच. पण महसुली व्यवहार माहीत असलेला, वऱ्हाडी आणि मालवणी बोलणं ऐकलेला आणि परीक्षकांसाठी नेमक्या सूचना लिहू शकणारा माणूसही लागेल. अशी माणसं डेक्कन कॉलेजच्या भाषाविज्ञान विभागातून येऊ शकतात, संख्याशास्त्रातून येऊ शकतात, समाजशास्त्रातूनही येऊ शकतात. हे काम फक्त संगणक अभियंत्यांचं आहे असं समजून त्यांनी अशा पोस्टडॉकसाठी अर्जच केला नाही, तर सातबाऱ्याचा तो चॅटबॉट इंग्रजी चाचण्यांच्या गुणांवरच रुजू होईल.