गिटार व शिसवाचें झाड

गिटार हें वाद्य आतां आपल्याकडे परकें राहिलें नाहीं. शाळेच्या स्नेहसंमेलनांत तें ऐकूं येतें, आणि परीक्षा उत्तीर्ण झालेला मुलगा बक्षीस म्हणून तेंच मागतो. दुकानांत गेलें म्हणजे शिसवी पाठीच्या गिटारीची किंमत इतरांहून चढी सांगतात. हा चढा भाव कशाबद्दल, आणि तो देणें अवश्य आहे काय, याचा थोडासा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गिटारीच्या पेटीचे भाग तीन: तारांखालची पुढची फळी, मागची पाठ, व दोहोंस जोडणाऱ्या वांकविलेल्या कडा. तार बारीक असल्यामुळें तिच्या एकटीनें हवा फारशी हालत नाहीं. तिचें कंपन घोडीवाटे पुढच्या फळीस पोहोंचतें, आणि ती रुंद फळी हवेस हालविते. आपण ऐकतों तो नाद मुख्यतः हिचा. म्हणून ही फळी हलकी, तरीही ताठ असावी लागते, व ती बहुधा स्प्रूस नांवाच्या थंड प्रदेशांतील सूचिपर्णी वृक्षाची करितात. पाठ व कडा यांचें काम मुख्यतः फळीस आधार देण्याचें व हवा कोंडून धरण्याचें.

स्पेन देशांतील नामांकित कारागीर आंतोनियो दे तोरेस यानें हें प्रत्यक्ष करून दाखविलें. १८६२ सालीं त्यानें एक गिटार अशी केली कीं, पुढची फळी उत्तम स्प्रूसची, परंतु पाठ व कडा निव्वळ पुठ्ठ्याच्या! वाद्याचा प्राण पुढच्या फळींत आहे, हें त्यास सिद्ध करावयाचें होतें. ती गिटार बार्सेलोना शहरांतील संगीत-संग्रहालयांत ठेवलेली आहे. मिरजेच्या सतारमेकरांस मात्र या पुठ्ठ्याचें नवल वाटूं नये. सतारीची तबली निवडक लाकडाची, पण तिच्या मागें असतो तो भोपळा, वेलीवर एका हंगामांत वाढलेला. त्यासाठीं कोणतेंही अरण्य तोडावें लागत नाहीं.

गिटार करणाऱ्यांची आवड मात्र ब्राझीलच्या शिसवावर जडली होती. तेथील किनाऱ्यालगतचीं अरण्यें तुटत गेलीं, ओंडके परदेशीं पाठविण्यावर निर्बंध आले, आणि १९६९ सालीं अमेरिकेंतील मार्टिन कंपनी भारतांतील शिसवाकडे वळली. पुढें १९९२ सालीं ब्राझीलच्या शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच झाला. म्हणजे एका झाडाचा भार दुसऱ्यावर पडला, आणि तें दुसरें झाड आपल्या सह्याद्रींतलें! आजोबांच्या पलंगाचें शिसव तें हेंच. तें सावकाश वाढतें; आज लावलें तर तोडणारा नातू असावयाचा. २०१७ सालापासून शिसवाच्या सर्व भाऊबंद जातींच्या परदेशी व्यापारावर परवान्याचें बंधन आलें. तयार वाद्यांपुरतें तें २०१९ सालीं, ब्राझीलचें शिसव वगळून, उठविण्यांत आलें. कच्च्या लाकडास मात्र तें लागूच राहिलें.

मग शिसवी पाठीचा नाद अधिक गोड, हें खरें कीं नुसती समजूत? इंग्लंडांतील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनीं याची परीक्षा केली, व तिचा निष्कर्ष २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. पाठ व कडा यांचें लाकूड तेवढें निराळें, बाकी शक्य तितकें सारखें, अशा सहा गिटारी त्यांनीं करविल्या. त्यांत दोन्हीं देशांचें शिसव होतें, तसेंच महोगनी, मेपल, सापेली व अक्रोडही होता. ५२ वादकांनीं त्या मंद प्रकाशांत, काळे चष्मे लावून वाजविल्या. सर्व वाद्यांस गुण जवळजवळ सारखेच मिळाले, आणि कोणतें वाद्य कोणतें हें त्यांस भरंवशानें ओळखतां आलें नाहीं. एका प्रयोगानें जुना वाद मिटतो असें नव्हे. पण अक्रोडास कमी लेखण्याचें कारण आम्हांस तरी दिसत नाहीं.

गळ्यावरील पट्टीची गोष्ट वेगळी. तिच्यावर तारा व बोटें सारखीं घांसतात, म्हणून ती कठीण हवी, व आबनूस त्यासाठीं प्रसिद्ध. (आपल्याकडे जिच्या पानांत विड्या वळतात ती टेंभुर्णी याच्याच नात्यांतली.) गिऱ्हाइकांस आबनूस निखळ काळा लागे, त्यामुळें आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत, करड्या रेघा निघाल्या तर तोडलेलें झाडही रानांत टाकून देत. २०११ सालीं तेथील लाकूड कापण्याची गिरणी विकत घेणाऱ्या टेलर कंपनीनें तें रेघांचें लाकूडही वापरावयास घेतलें. आवाजांत त्यानें कांहींच उणें होत नाहीं. कागदाचे थर राळेंत भिजवून व दाबून केलेल्या पट्ट्याही आतां वापरांत आहेत.

कार्बनच्या तंतूंची गिटार कोंकणच्या पावसाळ्यांतही फुगत नाहीं, हा तिचा मोठा गुण. पण ती महाग असते, आणि मोडल्यावर मातींत मिळून जात नाहीं.

पालकांनीं विकत घेतांना पाठीपेक्षां पुढच्या फळीकडे आधीं पाहावें. ती सलग लाकडाची आहे, कीं पातळ थर चिकटवून केलेली, हें मधल्या वाटोळ्या भोंकाच्या कडेशीं कळतें. वरच्या रेषा कडेवरून तशाच खालीं उतरलेल्या दिसल्या तर फळी सलग. कडेंत आडवे थर दिसले तर चिकटविलेली.