सही पालकांची, मग जबाबदारी कोणाची?

शाळांना सुट्टी लागली की नौपाड्यात गोखले रोड, राम मारुती रोड परिसरात कराटे-तायक्वांदोच्या शिबिरांचे फलक झळकू लागतात. आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही उमेदीने तिथे जातात. ती गेलीच पाहिजेत. महात्मा जोतीराव फुले यांनी वस्ताद लहुजी साळवे यांच्याकडे दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकून घेतली, हा आपला वारसा आहे. पण तालमीच्या परंपरेने आपल्याला फरी-गदगाही दिला. तलवारीऐवजी कातड्याने मढवलेली काठी आणि दुसऱ्या हातात लहान ढाल! शिकताना शिष्य जायबंदी होऊ नये, ही काळजी जुन्या वस्तादांना होती.

आज काय दिसते? अर्जावर छापील ओळ असते, 'इजा झाल्यास संस्था जबाबदार नाही.' खाली पालकांची सही. त्या सहीने सारे संपले, असे पालकही समजतात आणि प्रशिक्षकही. कायदा तसे म्हणत नाही.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 25, म्हणजे जुन्या दंड संहितेचे कलम 87, नेमके याच विषयावर आहे. त्यात उदाहरणच तलवारबाजीचे आहे. दोघे राजीखुशीने खेळले, डाव सरळ होता आणि एकाला दुखापत झाली, तर गुन्हा नाही. मात्र ही संमती अठरा वर्षांवरील व्यक्तीचीच धरली जाते. शिवाय बेदरकारपणे वा हयगयीने दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून इजा केली, तर कलम 125 आहे. मृत्यू झाला तर कलम 106. छापील ओळीने ही कलमे पुसली जात नाहीत. जुलै 2022 मध्ये बंगळूरूच्या किकबॉक्सिंग स्पर्धेत डोक्याला मार बसून एका तरुणाचा जीव गेला, तेव्हा आयोजकांवर हयगयीचा गुन्हा नोंदवला गेला.

हेडगार्ड, छातीचे कवच, नडगीचे पॅड, हातमोजे, जांघेचे आणि दातांचे गार्ड ही चैन नव्हे. पण सगळा संच ज्याने त्याने विकत आणायचा म्हटले की नाका कामगाराचे, घरकाम करणाऱ्या बाईचे पोर उघड्या अंगाने लढतीत उभे राहते. पैसा नाही म्हणून मार त्यानेच खायचा काय?

आमचे म्हणणे सरळ आहे. हेडगार्ड आणि छातीची कवचे संस्थेने ठेवावीत. दातांचे व जांघेचे गार्ड तेवढे ज्याचे त्याने आणावे. साधन नसेल तर त्या दिवशी लढत नाही, नुसता सराव. जोडी वय आणि वजन पाहून लावावी. हेडगार्डने जखम टळते, मेंदूला बसणारा हादरा टळत नाही. म्हणून चक्कर किंवा उलटी झाली की सराव थांबवून थेट डॉक्टर गाठावा. महापालिकेनेही सभागृह वा मैदान देताना या अटी करारात घालाव्यात.

पालकांनो, पुढच्या वेळी सही करण्याआधी विचारा, 'कवच किती आहेत, आणि मुले किती?'