विहिरीतला दात

तोरण्याच्या पायथ्याशी, वेल्ह्यातल्या एका शेतात विहिरीचं काम चाललं होतं. सुरुंग उडाला, धूर निवला आणि यारीच्या बादलीतून दगडांबरोबर एक फुटका गोटा वर आला. त्याच्या पोकळीत पांढरे टोकदार सुळे दाटीनं उभे.

"काका, देवमाशाचा जबडा घावला!" मालकांचा नातू ओरडला. पेरूच्या वाळवंटात सापडलेल्या लिव्हायटनचा व्हिडिओ त्यानं मोबाइलवर पाहिला होता. त्या देवमाशाचा सर्वांत लांब दात ३६ सेंटिमीटरचा, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताहून लांब. आमचा सुळा करंगळीच्या पेराएवढा.

गोटा मांडीवर घेतला, चिखल पुसला, भिंग लावलं. देवमाशाचा दात कापला तर झाडाच्या खोडासारखी वाढीची वलयं दिसतात. इथे मोडलेल्या कडेला नुसते तिरपे, गुळगुळीत पैलू. चाकूचं टोक ओढलं तर लगेच ओरखडा उठला. गारगोटीवर उठला नसता. मग चिमूटभर भुकटी करून तिच्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. कॅल्साइट! चुनखडीच्याच घरचं. अशा स्फटिकाला खनिजं जमवणारे इंग्रजीत 'कुत्र्याचा दात'च म्हणतात, तेव्हा पोरगं अगदीच चुकलं नव्हतं.

इथला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो थिजताना त्यातले वायूचे बुडबुडे कोंडले गेले. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि भिंतींवरून आत स्फटिक वाढले. भोर-वेल्ह्याच्या काळ्या पाषाणातल्या गारगोट्यांची जन्मकथाही साधारण हीच.

हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. देवमाशांचे पूर्वज पाण्यात उतरले ते पाचेक कोटी वर्षांपूर्वी, तेही चार पायांवर. म्हणजे पहिला देवमासा जन्मायच्या कितीतरी आधी हा दगड थिजून गार पडलेला. लाव्हाच्या दोन थरांमधल्या तळ्याच्या गाळात बेडूक मात्र सापडतो. मुंबईच्या वरळीतल्या अशा बेडकांचं वर्णन इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच केलं. देवमाशाचं हाडच हवं तर कच्छ गाठावं. तिथल्या जुन्या सागरी गाळात रेमिंग्टनोसीटस हा आद्य देवमासा सापडला आहे, लांब, निमुळत्या थोबाडाचा.

नातवाला हे सगळं सांगत होतो, पण त्याचं लक्ष गोट्यातच. "मग कच्छला कधी जायचं?"

एवढ्यात विहिरीतून हाक आली, "मालक, पाझर लागला!" आजोबा काठाकडे धावले, मागोमाग आम्ही. गोटा बांधावरच राहिला, लिंबाच्या सालीशेजारी.