अंगणवाडीच्या फोनवर चालेल असे ॲप

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले. २ जीबी रॅमचे फोन हँग होतात, पोषण ट्रॅकर ॲप त्यावर नीट चालत नाही आणि ते मराठीतही नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. नंदुरबारसारख्या कुपोषणग्रस्त जिल्ह्यात ही बाब गंभीर आहे. नोंद झाली नाही, तर कमी वजनाचे मूल सरकारी आकड्यात दिसतच नाही.

ॲप हलके आणि भरवशाचे करण्याच्या दोन पद्धती समजून घेऊ.

पहिली, कोड श्रिंकिंग. ॲप बनवताना तयार लायब्ररी जोडतात. त्यातला बराच कोड कधीच वापरला जात नाही. अँड्रॉइडवर गूगलचे ‘आर८’ हे साधन ॲपच्या सुरुवातीपासून कोणता कोड कोणाला बोलावतो याचा माग काढते, बिनवापराचा कोड गाळते आणि उरलेल्यातील लांब नावे आखूड करते. डाउनलोड लहान होते, फोनमधली जागा वाचते. कमी रॅमची अडचण मात्र एवढ्याने सुटत नाही.

दुसरी, डिपेंडन्सी इंजेक्शन. सेविका धान्य आणायला गोदामात जात नाही, ते तिला पोहोचवले जाते. तसेच वजन नोंदवणाऱ्या कोडला साठवणुकीची सोय बाहेरून पुरवायची. रेंज असेल तर सर्व्हर, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर रेंज नसेल तर फोनमधलीच साठवण. नोंदीचा कोड बदलावा लागत नाही.

या दोन्हींत एक मेख आहे. काही इंजेक्शन साधने कोणता कोड लागणार हे ॲप चालू असताना नावावरून शोधतात. तो वापर आर८ला आधी दिसत नाही, म्हणून लागणारा कोडही गाळला जातो. डेव्हलपरच्या चाचणी आवृत्तीत श्रिंकिंग सहसा बंद असते, त्यामुळे तिथे सगळे सुरळीत चालते आणि गावातल्या फोनवर ॲप बंद पडते. उपाय दोन: तो कोड राखण्याचे ‘कीप’ नियम लिहिणे, किंवा ही जोडणी ॲप बांधतानाच करणारे ‘डॅगर’ अथवा ‘हिल्ट’ वापरणे.

जे दिसत नाही ते गाळले जाते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगायला नको. आपली अनेक मुले-मुली आज आयटीत आहेत. त्यांना एकच विनंती: अंतिम आवृत्ती सेविकेच्या हातातल्या जुन्या फोनवर, रेंज बंद करून, एकदा चालवून बघा.

जय भीम!