तीन पत्ती

बावन्न पत्त्यांच्या जोडाने पैज लावून खेळण्याचा एक भारतीय बैठा खेळ. ‘तीन पानी’ व ‘फ्लश’ या नावांनीही तो ओळखला जातो. इंग्लंडमधील तीन पत्त्यांच्या ‘ब्रॅग’ या खेळापासून तो निघाला, असे सामान्यतः मानतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात वाढलेला पोकर हा त्याचा दूरचा भाऊबंद होय. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास याचे फड विशेष रंगतात. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असे नावच आहे. गुजरातेत हाच खेळ श्रावणातील सातम-आठमला खेळतात.

प्रारंभी प्रत्येक जण ‘बूट’ म्हणून ठरावीक रक्कम मध्ये टाकतो व प्रत्येकास तीन पाने पालथी वाटली जातात. पाने न पाहता खेळणारा तो ‘ब्लाइंड’, पाहून खेळणारा तो ‘सीन’. ब्लाइंड खेळाडू चालू पैजेइतकी किंवा फार तर तिच्या दुप्पट रक्कम लावतो; सीन खेळाडूस किमान दुप्पट व कमाल चौपट लावावी लागते. ज्याला पुढे जायचे नसेल तो पाने टाकून ‘पॅक’ होतो. दोघेच उरले म्हणजे पैसे भरून ‘शो’ मागता येतो. तथापि प्रतिपक्षी ब्लाइंड असेल, तर सीन खेळाडूस शो मागण्याचा अधिकार प्रचलित नियमांनुसार नसतो. त्याने चाल देत राहावे किंवा उठावे. हा नियम वरवर किरकोळ वाटतो, परंतु खेळातील बहुतेक पेच त्यातून उद्भवतात.

तीन पानांचे एकूण २२,१०० संच संभवतात. त्यांपैकी ट्रेल (तीन सारखी पाने) ५२, प्युअर सिक्वेन्स ४८, साधा सिक्वेन्स ७२०, कलर १,०९६ व जोडी ३,७४४ असून उरलेले १६,४४० संच केवळ मोठ्या पानावर मोजले जातात. प्युअर सिक्वेन्स ट्रेलहून दुर्मिळ असूनही त्याच्याखाली गणला जातो. ही विसंगती रूढीने तशीच राहिली आहे.

ट्रेल हाती आलेल्यास किंवा दुर्री-पंजी-सत्ती अशी पाने आलेल्यास फारसा विचार पडत नाही. कसोटी लागते ती मध्यम बळाच्या पानांची. दश्शीची जोडी घेतली, तर सर्व संचांपैकी ३,०६८ संच तिच्याहून वरचढ आहेत, म्हणजे सुमारे १४ टक्के. एका ब्लाइंड खेळाडूविरुद्ध ती शंभरांत शहाऐंशी वेळा जिंकेल. तिघांविरुद्ध हेच प्रमाण चौसष्टाच्या आसपास येते. (आपल्या हातातील पानांमुळे पडणारा अल्प फरक येथे सोडून दिला आहे.) जोडीखालील पाने टाकूनच देणारा सावध गडी पाने पाहून टिकून राहिला, तर मात्र त्याच्या संभाव्य ५,६६० संचांपैकी निम्म्याहून अधिक दश्शीच्या जोडीस हरवतात. याउलट हात सैल सोडून खेळणारा, राजा वा एक्का एवढ्यावरही पैज वाढविणारा गडी समोर असेल, तर त्याच्या संभाव्य १२,७४० संचांपैकी जेमतेम चोवीस टक्के वरचढ ठरतात. पाने तीच, त्यांचे मोल प्रतिपक्ष्याच्या सवयीनुसार बदलते.

ब्लाइंड राहून दरवेळी पैज दुप्पट करणाऱ्या गड्याची गोष्ट आणखी निराळी आहे. तो एक लावतो तेव्हा सीन खेळाडूस दोन लावावे लागतात. म्हणून मधली रक्कम हिशेबात धरली नाही, तरी दोन-तृतीयांश वेळा जिंकणारी पाने चाल देण्यास पुरेशी असतात. ही सीमा जोडीपर्यंतही जात नाही. एक्का व गुलाम यांच्या आसपास ती येते. हिशेब असा अनुकूल असूनही पुष्कळ जण जोडी टाकून उठतात. त्याचे कारण उघड आहे. १, २, ४, ८, १६ अशा पाच फेऱ्यांत ब्लाइंड गड्याचे ३१ जातात, तर सीन खेळाडूचे ६२. आणि शो मागून थांबण्याची सोय त्याला नाही. खिशात ६२ नसणाऱ्यास शहाऐंशी टक्क्यांचा काहीच उपयोग होत नाही. आपणास किती फेऱ्या झेपतील, हे पहिल्या चालीपूर्वीच ठरविणे म्हणूनच इष्ट. तो गडी पाने उचलून पाहील व तरीही टिकेल, तेव्हा आधीचा हिशेब मोडून नवा करावा लागतो. आता शो मागता येतो आणि मध्यम पानांच्या धन्याने बहुधा तोच मागावा. या टप्प्यावर पैज फुगविली, तर दुबळी पाने निघून जातात व बळकट तेवढी उरतात.

या अनुभवास गणिताचाही आधार आहे. जॉन फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ च्या आपल्या ग्रंथात पोकरमधील हुलकावणीची मीमांसा केली. हॅरल्ड कून याने १९५० मध्ये राजा, राणी व गुलाम या तीनच पत्त्यांचा दोघांचा खेळ सोडवून दाखविला. त्यातील निर्दोष डावपेचात मधले पान, म्हणजे राणी, आपण होऊन कधीच पैज लावत नाही. दुसऱ्याने लावली तर काही वेळा स्वीकारते व काही वेळा सोडते. मात्र प्रतिपक्ष्याच्या पैजांपैकी एक-चतुर्थांशाहून अधिक पोकळ असतील, तर राणीवाल्याने प्रत्येक पैज स्वीकारणेच लाभाचे ठरते. चढाईखोर गड्याविरुद्धचे सारे धोरण या एका अपूर्णांकात आले आहे.

आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा, तर तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ दैवाचा ठरविला (⇨ रमी). वाटपापुरते हे मत निर्विवाद आहे. कोठे थांबावे याच्या निर्णयास ते कितपत लागू पडते, याविषयी शंका घेता येईल. मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात (१८८७) केवळ कौशल्याच्या खेळांस सूट आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये केलेला कॅसिनोविषयक कायदा कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द झाला. गोव्यात मांडवी नदीतील तरंगत्या कॅसिनोंत हे खेळ परवान्याने चालतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस, ते कौशल्याचे असोत वा दैवाचे, बंदी घातली.